तपासणी न करता सही: कामाच्या जागी ख्रिस्ती माणसाची जबाबदारी कुठे सुरू होते?

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

सर्वांना सप्रेम सलाम. मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. घर मूळचे नगर जिल्ह्यातले, पणजोबांच्या काळापासून ख्रिस्ती, आणि आमच्या विभागात ख्रिस्ती असा मी एकटाच. मी जे विचारणार आहे ते बाहेरच्या माणसाला फार लहान वाटेल, पण त्याचा विचार केल्याशिवाय माझी एकही पाळी जात नाही.

माल गाडीत चढण्यापूर्वी प्रत्येक लॉटमधून ठरलेले नग काढायचे, त्यांची मापे मायक्रोमीटरने आणि गेजने घ्यायची, हीट ट्रीटमेंट झालेल्या नगांचा कडकपणा यंत्रावर पाहायचा, आलेले आकडे तपासणी अहवालात भरायचे आणि खाली सही करायची, हे माझे काम. महिनाअखेरीस डिस्पॅचची घाई होते. गाडी दारात उभी असते, ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवरचा माल संपत आलेला असतो, आणि अशा वेळी वरिष्ठ सांगतात की मागच्या लॉटचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भर आणि सही करून मोकळा हो. आजवर मी तपासल्याशिवाय सही केलेली नाही. त्यामुळे गाड्या उशिरा सुटल्या, मला बोलणी खावी लागली, आणि दुसऱ्याची सही घेऊन माल रवाना झाल्याचेही मी पाहिले.

माझे वरिष्ठ वाईट माणूस नाहीत; माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्री दवाखान्यात माझ्याबरोबर थांबलेले ते गृहस्थ आहेत. शिवाय त्यांचा युक्तिवाद सरळ खोटाही नाही. यंत्र तेच, प्रोग्राम तोच, पोलाद त्याच पुरवठादाराचे, आणि त्या लॉटमधले बहुतेक नग खरोखरच मापात असतात. मग मी जो अडून बसतो तो नेमका कशासाठी, सत्यासाठी की स्वतःला इतरांहून शुद्ध समजण्याच्या हौसेसाठी, हा प्रश्न मला पडतो. आमच्या पाळकसाहेबांनी कलस्सैकरांस पत्रातले तिसऱ्या अध्यायातले वचन दाखवले, की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ते मला मान्य आहे. परंतु मालकाचे ऐकणे आणि प्रभूसाठी करणे या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात तेव्हा काय करावे, हे त्यातून मला उलगडले नाही.

आणखी दोन गोष्टी. पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे रविवारची उपासना पाळीप्रमाणे कधी मिळते, कधी चुकते. आणि सही नाकारताना “मी ख्रिस्ती आहे म्हणून” असे सांगावे की नाही, याबद्दलही अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

जुना_कारकून

मी महसूल खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे सहीच्या प्रश्नावर थोडे अधिकाराने लिहितो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा हा वर्ग लोकांच्या दृष्टीने भ्रष्ट आणि अपवित्र होता, तरीही योहान त्यांना नोकरी सोडा असे सांगत नाही, अरण्यात येऊन माझ्यासारखे राहा असेही सांगत नाही. जे ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगतो. शिपायांनाही तो तलवार टाकायला न लावता जुलूम करू नका, खोटे आरोप करू नका आणि आपल्या पगारात समाधान माना असे सांगतो. पश्चात्तापाचे फळ त्याने त्यांच्या खात्यातच, त्यांच्या रोजच्या व्यवहारात मागितले. माझ्या नोकरीच्या काळात हाच उतारा मला सर्वाधिक उपयोगी पडला, कारण तलाठी कार्यालयात किंवा तहसीलमध्ये बसलेल्या माणसासमोर नेमका हाच प्रश्न असतो: सातबाऱ्यावरील नोंद, उत्पन्नाचा दाखला, वारसाची फेरफार, आणि टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाच्या हातातली घडी घातलेली नोट.

आता तुमच्या प्रश्नाकडे. सहीखाली हुद्दा छापलेला असतो म्हणून ती सही कंपनीची आहे असे मानण्याची पद्धत आहे. मी ते कधीच मानले नाही. सरकारी कामात एक चांगली सोय होती, तिचा तुम्हाला उपयोग होईल. फाइलवर प्रस्ताव वर पाठवताना मला तो पटत नसेल तर मी टिपणीत संबंधित नियम उद्धृत करून माझे विरुद्ध मत लिहीत असे आणि फाइल अडवून न ठेवता वर पाठवत असे. वरिष्ठांना वेगळा निर्णय घ्यायचा असेल तर त्यांनी तो स्वतःच्या सहीने, माझ्या मताखाली लिहून घ्यावा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्येही वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा अशी अपेक्षा आहे, आणि तोंडी आदेश लेखी मागितल्यावर किती आदेश आपोआप मागे घेतले जातात हे मी वारंवार पाहिले आहे. त्यात आज्ञाभंग नाही, उर्मटपणाही नाही. आपण जे पाहिले तेवढेच आपल्या नावाने सांगायचे आणि दुसऱ्याचा निर्णय त्याच्या नावाने त्याला घेऊ द्यायचा. तुमच्या अहवालात शेऱ्याचा रकाना असणारच. तिथे “अमुक मापे घेतली, कडकपणा तपासलेला नाही” असे लिहून सही केलीत, तर ती सही खरी होईल.

लाच देण्याबद्दलही थोडे लिहितो, कारण आपल्या मंडळ्यांतून घेण्याबद्दल बोलले जाते, देण्याबद्दल क्वचितच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा झाला आहे. ज्याला बळजबरीने द्यावी लागली त्याने ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेकडे तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. “मी घेतली नाही, फक्त दिली” हे समाधान आता कायद्यानेही टिकत नाही.

रात्रीची_सिस्टर

मिरजेला शिकून आता पुण्याच्या एका रुग्णालयात काम करते. धागाकर्त्याने लिहिलेल्या एका वाक्यावर मला थांबायचे आहे: बहुतेक नग मापातच असतात.

रात्रपाळीत ठरावीक अंतराने प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब, नाडी, तापमान आणि श्वास मोजून चार्टवर लिहायचे असते. वॉर्ड भरलेला असतो, सिस्टर कमी असतात, आणि पहाटे सगळ्यांचे चार्ट एका बैठकीत भरून काढण्याचा मोह प्रत्येक वॉर्डात असतो. भरलेले आकडे बहुधा जुळतातही, कारण बहुतेक रुग्णांची प्रकृती रात्रभर स्थिर असते. परंतु जो स्थिर आहे त्याच्यासाठी चार्ट नसतोच. ज्या एकाची नाडी पहाटे तीनच्या सुमारास वाढू लागली आणि रक्तदाब उतरू लागला, त्याच्यासाठी तो कागद असतो, आणि तो एक कोणता हे मोजल्याशिवाय कोणालाच कळत नाही. अंदाजाने भरलेल्या चार्टमध्ये तोही इतरांसारखाच स्थिर दिसतो. सकाळी डॉक्टर तो चार्ट पाहून निर्णय घेतात. म्हणून मोजल्याशिवाय लिहिलेला आकडा चुकून बरोबर निघाला तरी तो खोटाच असतो, असे मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते. तुम्ही शुद्धतेच्या हौसेपोटी अडून बसत नाही, भाऊ. रस्त्यावर ज्याच्या गाडीला तो एक सदोष नग लागेल, त्या अनोळखी माणसाचा तुमच्यावर हक्क आहे, आणि शेजाऱ्यावर प्रीती करा या आज्ञेत तो माणूस येतो.

दुसरा प्रश्न, विश्वासाविषयी बोलावे की नाही. डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू केले. तिथल्या जुन्या शिक्षिकांकडून आम्ही जे शिकलो त्यात प्रार्थना होतीच, परंतु सुई टोचण्यापूर्वी रुग्णाला नावाने हाक मारणे आणि बेडपॅन देताना पडदा ओढणे हेही तितक्याच गांभीर्याने शिकवलेले होते. खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्या नाकात नळी आहे, औषध माझ्या हातात आहे, अशा वेळी मी माझा विश्वास त्याच्यापुढे मांडू लागले तर त्याचे “हो” खरे नसते. म्हणून मी स्वतःहून कधीही विषय काढत नाही. कोणी विचारले तर सांगते. कोणी प्रार्थना करायला सांगितले तर हात धरून प्रार्थना करते, आणि मग ती व्यक्ती कोणत्याही धर्माची असो. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे हे मला ठाऊक आहे. पण माझा हक्क आणि त्या रुग्णाची असहायता यांत मला असहायतेकडे पाहावे लागते.

सोपारेकर

मी वसईचा कॅथलिक, सहकारी बँकेत अधिकारी. धागाकर्त्यांच्या पाळकांनी दाखवलेल्या वचनाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगावीशी वाटते.

ते वचन पौलाने दासांना उद्देशून लिहिले आहे, आणि ते तिथेच संपत नाही. लगेच पुढे, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, धन्यांना सांगितले आहे की दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. कामगाराला पहिला भाग ऐकवायचा आणि मालकाला दुसरा ऐकवायचा नाही, असे आपल्या प्रवचनांतून पुष्कळदा होते. इफिसकरांस पत्रातही हीच जोडी आहे. म्हणजे प्रभूसाठी म्हणून काम करणे याचा अर्थ धन्याचे सर्व ऐकणे असा कधीच नव्हता. उलट, धन्याच्याही वर कोणी आहे हे दोघांनी लक्षात ठेवावे, असा त्याचा रोख आहे.

आमच्या चर्चमध्ये या विषयावर शंभराहून अधिक वर्षे शिकवण आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढून न्याय्य वेतन आणि कामगारांच्या संघटनेचा हक्क मांडला, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये मानवी श्रमावर लिहिताना कामाची किंमत मुख्यतः ते करणाऱ्या माणसावरून ठरते, हा विचार पुढे नेला. तरुणपणी मला हे सर्व पुस्तकी वाटत असे. बँकेत आल्यावर ते दिसू लागले. सावकाराच्या विळख्यातून शेतकऱ्याला सोडवायचे म्हणून वसईतल्या कॅथलिक समाजाने १९१८ मध्ये सहकारी पतसंस्था उभी केली, तिची पुढे बँक झाली. ज्यांनी ती उभी केली त्यांना विश्वास आणि व्याजदर हे दोन वेगळे विषय वाटले नाहीत. कर्जमागणीचा अर्ज समोर आला की आजही मी तोच प्रश्न स्वतःला विचारतो: या माणसाला फेडता येणार नाही हे दिसत असताना, केवळ वर्षअखेरचे उद्दिष्ट गाठायचे म्हणून मी कर्ज मंजूर केले, तर नियमात बसले तरी ते बरोबर आहे का? माझे उत्तर “नाही” असे आहे आणि त्यापायी काही वर्षे माझी उद्दिष्टे अपुरी राहिली.

प्रश्नचिन्ह

वरील सर्व प्रतिसाद आदराने वाचले, तरीही एक अवघड गोष्ट मांडतो. खोटा आकडा न लिहिणे, लाच न घेणे, रुग्णाचा चार्ट खरा भरणे, यात ख्रिस्ती असे काय आहे? माझ्या विभागातला सर्वांत प्रामाणिक माणूस वारकरी आहे. दर आषाढीला रजा टाकून पायी जातो आणि कंपनीचा एक स्क्रूही घरी नेत नाही. धागाकर्त्याने “मी ख्रिस्ती आहे म्हणून” असे सांगितले, तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या माणसाचा अपमान होणार नाही का? “आकडे खरे नाहीत म्हणून मी सही करणार नाही” हे कारण पुरेसे आहे आणि ते सर्वांना कळते.

याहून गंभीर बाब अशी, की आपल्या स्वतःच्या संस्थांत काय चालते याविषयी या धाग्यावर अजून एक शब्दही आलेला नाही. माझी बहीण आपल्याच समाजाच्या एका शाळेत विनाअनुदानित तुकडीवर शिकवत होती. वेतनपत्रकावर पूर्ण रकमेची सही घेतली जाई आणि खात्यात जमा झालेल्या पगारातून ठरलेली रक्कम रोख परत द्यावी लागे. महिन्याची सुरुवात प्रार्थनेने होई. ज्या संस्थेच्या भिंतीवर वचन लिहिलेले आहे त्या संस्थेत शिक्षिकेकडून खोटी सही घेतली जाते, तेव्हा याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे काय करायचे? शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असे तिथे लिहिले आहे. लेवीयमध्ये तर मजुराची मजुरी रात्रभरही आपल्याकडे ठेवू नये अशी आज्ञा आहे. चाकणच्या तरुणाला धैर्याचे सल्ले देण्यापूर्वी विश्वस्त मंडळांवर बसलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या संस्थेचे वेतनपत्रक मागवून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना_कारकून

प्रश्नचिन्ह, आपल्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. लूकच्याच शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराच्या घरी तारण आले ते त्याने ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचे जाहीर केल्यावर. आपल्या संस्थांनाही परत देण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

दोन_नोंदवह्या

हा धागा सहीबद्दल आहे म्हणून लिहायचे धाडस करतो. आपल्या समाजात ज्या सहीबद्दल कोणीच बोलत नाही, ती जातीच्या दाखल्याच्या अर्जावरची आहे.

१९५० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम यांना तो आजही नाही. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने त्यांना वेगळ्या विहिरीवर पाठवणे थांबवले नाही, पण कायद्याने मात्र त्यांची जात बाप्तिस्म्याबरोबर संपली असे धरले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आयोग नेमला गेला. हा अन्याय आहे असे मी मानतो आणि तो दूर व्हावा म्हणून ज्या सभा होतात त्यांना जातो.

परंतु तोवर घराघरांतून जे चालते ते असे: चर्चच्या नोंदवहीत एक नाव आणि एक धर्म, सेवापुस्तिकेत दुसरे नाव आणि दुसरा धर्म. माझा चुलतभाऊ कागदावर हिंदू राहिला आणि नोकरीला लागला. मी तसे न करता अर्ज केला आणि मला बराच उशीर झाला. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण त्याच्या घरी तेव्हा खाणारी तोंडे अधिक होती आणि ज्या कायद्याने त्याला या पेचात टाकले तो त्याने केलेला नव्हता. मला दिसते ते एवढेच, की तो आता रविवारी चर्चला येऊ शकत नाही, मुलीच्या बाप्तिस्म्याला त्याने छायाचित्र काढू दिले नाही, आणि कार्यालयात कोणी नाताळाच्या शुभेच्छा दिल्या तर तो विषय बदलतो. कामाच्या जागी विश्वास कसा जगावा या प्रश्नाला त्याच्यापुरते उत्तरच उरलेले नाही, कारण कामाच्या जागी त्याचा विश्वास अस्तित्वातच असता कामा नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका लिपिकपदाच्या प्रकरणात, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म आचरत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाची फसवणूक ठरेल असे म्हटले, तेव्हापासून त्याची भीती आणखी वाढली आहे.

पाळकांनी आणि फादरांनी अशा माणसांना व्यासपीठावरून खडसावू नये, आणि त्यांच्याकडून दशांश घेऊन या विषयावर गप्पही बसू नये. त्यांच्याशी खासगीत, वेळ देऊन बोलावे. मोठी जबाबदारी मला वाटते ती पुढच्या पिढीची आहे. आज दहावी-बारावीत असलेल्या मुलांना दोन नोंदवह्यांमध्ये जगायला लावायचे की नाही, हे आईवडिलांनी आता, अर्ज भरण्यापूर्वी ठरवायला हवे, आणि ज्या घरांनी खरे लिहायचे ठरवले त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च मंडळीने उचलायला हवा. मंडळी तो भार उचलणार नसेल, तर त्या मुलाकडे धैर्य मागण्याचा तिला हक्क नाही.

खंडेनवमी

पूजेच्या प्रश्नावर थोडक्यात, कारण चाकणच्या मित्राला तो दसऱ्याच्या सुमारास भेटणारच. आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. मी आदल्या दिवशी माझे लेथ मशीन इतरांहून अधिक मन लावून पुसतो, तेल घालतो, रांगोळीसाठी जागा करून देतो, आणि पूजेच्या वेळी टोपी काढून उभा राहतो; हळदकुंकू वाहत नाही. पहिल्या वर्षी फोरमनना आधीच जाऊन नम्रपणे सांगितले होते, त्यामुळे ऐनवेळी कोणाचा मान दुखावला नाही. दुसऱ्या राजांच्या पाचव्या अध्यायात नामान अलीशाला विचारतो, की माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा होईल का, आणि संदेष्टा त्याला “शांतीने जा” एवढेच म्हणतो. जे बंधू माझ्याहून कडक आहेत किंवा माझ्याहून मोकळे आहेत, त्या दोघांशीही मी वाद घालत नाही.

गेजरूम

मी याच क्षेत्रात, पुरवठादारांचे ऑडिट करणारा. धागाकर्त्याच्या हातात असलेले बळ त्याला ठाऊक नसावे असे वाटते, म्हणून तपशिलात लिहितो.

तुमचा कारखाना वाहन उद्योगाला माल देतो, म्हणजे बहुधा त्याच्याकडे आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र असेल. २०१६ मध्ये आलेल्या या मानकात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. उत्पादनाच्या अनुरूपतेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना, गुणवत्तेचा दोष दुरुस्त करण्यासाठी उत्पादन आणि माल पाठवणे थांबवण्याचा अधिकार असलाच पाहिजे, आणि असा जबाबदार माणूस प्रत्येक पाळीत असला पाहिजे. मंजूर झालेल्या पद्धतीपासून वेगळे काही करायचे असेल, तर ते करण्याआधी ग्राहकाची डेव्हिएशनची परवानगी घ्यावी लागते. एखादी तपासणी गाळायची तरी रस्ता हाच आहे, परवानगी मागायची, आकडे बनवायचे नाहीत. आणि कंपनीकडे लाचविरोधी धोरण, कर्मचाऱ्यांची आचारसंहिता व नीतिविषयक तक्रार वर नेण्याची पद्धत असणे बंधनकारक आहे. ही कागदपत्रे तुमच्या क्वालिटी मॅन्युअलमध्ये कुठेतरी असतील. ती मागून वाचा. आपले म्हणणे त्यांच्याच मान्य केलेल्या नियमाच्या भाषेत मांडता आले, तर तुमचा वरिष्ठही त्याच्या वरिष्ठांपुढे मोकळा होतो. त्याच्यावरही दबाव आहे हे विसरू नका.

“नग बहुधा चांगलेच असतात” हे वाक्य जपानमध्ये कोबे स्टील या नामांकित कंपनीतही चालत होते. ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाच्या ताकदीचे व मापांचे आकडे ग्राहकाच्या अपेक्षेप्रमाणे बदलले जात होते, आणि तो माल मोटारी, रेल्वेगाड्या व विमाने बनवणाऱ्यांकडे जात होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने ते कबूल केले, तेव्हा शेकडो ग्राहकांना आपापल्या उत्पादनांची सुरक्षितता पुन्हा तपासावी लागली. ज्यांनी ते आकडे भरले ते दुष्ट नव्हते. मुदत पाळायची होती, आधीच्या माणसाने तसेच केले होते, आणि आजवर काही बिघडले नव्हते.

एक व्यावहारिक सूचना. महिनाअखेरीला अडणारा माणूस नेहमीच अडथळा वाटतो. तुम्ही महिन्याच्या मध्यालाच, शांत वेळी, वरिष्ठांना भेटा आणि शेवटच्या आठवड्यासाठी कडकपणा तपासण्याचे काम आधीच्या पाळीत कसे उरकता येईल, दुसरा एक माणूस त्या यंत्रावर कसा तयार करता येईल, याचा आराखडा घेऊन जा. नाही म्हणण्याबरोबर पर्यायासाठी लागणारे कष्टही आपण उचलले, तर ते नाही ऐकून घेतले जाते. बाबेलमध्ये राजाच्या मेजवरचे अन्न घ्यायचे नव्हते तेव्हा दानिएलानेही दहा दिवस आम्हाला शाकभाजी देऊन पाहा, असा पर्याय पुढे ठेवला होता.

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्रीची_सिस्टर यांचा प्रतिसाद मी छापून घेतला आहे, आणि गेजरूम यांनी सांगितलेले आज क्वालिटी मॅन्युअलमध्ये शोधले. माल थांबवण्याच्या अधिकाराचे वाक्य खरोखरच आहे, आणि जबाबदार व्यक्तींच्या यादीत माझा हुद्दाही आहे. आजवर ते पान मला कोणी दाखवले नव्हते.

वरिष्ठांना मी येत्या आठवड्यात वेळ मागितली आहे. त्यांच्यापुढे धर्माचा विषय काढणार नाही. प्रश्नचिन्ह यांचे म्हणणे मला पटले. त्यांनी स्वतःहून विचारले, तर मात्र लपवणारही नाही, कारण दोन_नोंदवह्या यांनी आपल्या भावाविषयी लिहिले ते वाचल्यावर, माझा विश्वास मला उघडपणे सांगता येतो ही किती मोठी गोष्ट आहे हे लक्षात आले. शेऱ्याच्या रकान्यात काय तपासले आणि काय नाही ते लिहिण्याची पद्धत या पाळीपासून सुरू केली आहे. पहिल्याच अहवालावर डिस्पॅचवाल्यांनी आक्षेप घेतला आणि नवा कोरा अहवाल भरून मागितला. मी तो दिला नाही. लॉट थांबला, मी आणि हेल्परने मिळून राहिलेले नग तपासले, आणि गाडी उशिरा गेली. याचा परिणाम माझ्या वार्षिक मूल्यमापनावर काय होईल हे मार्चनंतर कळेल. पत्नीशी बोललो आहे. पगारवाढ अडली तर हप्ता कसा भागवायचा याचा हिशेब आम्ही दोघांनी करून ठेवला आहे.

रविवारच्या उपासनेचा प्रश्न राहिलाच. चाकण, भोसरी किंवा तळेगाव भागातल्या कोणाला याचा मार्ग सापडला आहे का?

भोसरीकर

आमच्याकडे पाळीत काम करणारी काही कुटुंबे गुरुवारी सकाळी एका घरी उपासनेसाठी जमतात, आणि महिन्यातून एकदा पाळकसाहेब तिथेच प्रभुभोजन देतात. ज्यांना रविवार मिळतो ते चर्चलाही जातात. ज्यांना मिळत नाही त्यांची तोवर अशी व्यवस्था केली आहे. मुलांची शाळा गुरुवारी असते, त्यामुळे मुलांसाठी वेगळा वर्ग रविवारी संध्याकाळी घेतो, त्याला शिकवणारे कमी पडत आहेत. आपण आलात तर त्या वर्गासाठीही मदत होईल. पत्ता व्यक्तिगत संदेशाने पाठवला आहे.